रिकामा ठेवलेला चौकोन : स्टीव्ह जॉब्स यांच्याविषयी व्यवस्थापकांचे प्रश्न

ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स यांच्या कारकिर्दीतून रोजच्या व्यवस्थापनासाठी काय घेण्याजोगे आहे, असा विषय गेल्या अंकात या सदरातून आम्ही वाचकांपुढे ठेवला होता. पत्रे पुष्कळ आली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक पत्रे जॉब्स यांच्यापेक्षा त्यांचे नाव घेऊन कारभार हाकणाऱ्या साहेबांविषयीच होती. त्यांपैकी काही पत्रे संक्षिप्त करून, लेखकांच्या विनंतीवरून नावे न छापता, उत्तरांसह येथे देत आहोत.

प्रश्न : आमचे विभागप्रमुख जॉब्स यांना गुरुस्थानी मानतात. बैठकीत कनिष्ठांचे बोलणे मध्येच तोडणे, त्यांनी केलेले काम सर्वांसमोर ‘भिकार’ ठरवणे, एखाद्याला महिनाभर तोंडही न दाखवणे, हे सारे ते ‘दर्जाचा आग्रह’ या नावाखाली करतात. कठोरपणावाचून मोठे काम खरोखरच होत नाही काय?

उत्तर : जॉब्स यांची जीभ तिखट होती, हे त्यांच्या सहकाऱ्यांनीच वारंवार सांगितलेले आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तुमच्या साहेबांच्या युक्तिवादात एक मोठे भगदाड आहे. हाच स्वभाव जॉब्स यांच्याकडे १९८५ सालीही होता, किंबहुना अधिक धारदार होता. त्या वर्षीच्या मे महिन्यात संचालक मंडळाने मॅकिंटॉश या संगणकाच्या विभागाची सूत्रे त्यांच्याकडून काढून घेतली आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी कंपनी सोडली. ज्या जॉन स्कली यांना त्यांनी स्वतः १९८३ मध्ये पेप्सीतून कंपनीचे प्रमुख म्हणून आग्रहाने आणले होते, त्यांच्याच बाजूने मंडळ उभे राहिले. पुढे त्यांनी नेक्स्ट ही कंपनी काढली. तिचा देखणा काळा संगणक १९८८ मध्ये ६,५०० डॉलर किमतीला बाजारात आला, एकूण ५० हजारांच्या आसपास यंत्रे खपली आणि १९९३ मध्ये कंपनीला संगणक बनवणेच थांबवावे लागले. तोच माणूस, तोच राग, तीच दूरदृष्टी, आणि तरीही पदरी अपयश. रागामुळे यश मिळाले असे म्हणणाऱ्याने या आठ वर्षांचा हिशेब आधी द्यावा.

त्यानंतरच्या एका प्रसंगाची ध्वनिचित्रफीत आजही पाहता येते आणि तुमच्या साहेबांना दाखवायचीच असेल तर मी तीच दाखवीन. १९९७ चा मे महिना. ॲपलने नेक्स्ट सुमारे ४० कोटी डॉलर देऊन विकत घेतली होती आणि जॉब्स सल्लागार म्हणून परत आले होते. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या वार्षिक संमेलनात ते स्टुलावर बसून श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत होते. एका श्रोत्याने भर सभेत त्यांना सुनावले की, तुम्ही ज्या विषयावर बोलत आहात त्यातले तुम्हाला काही कळत नाही, आणि गेली सात वर्षे तुम्ही स्वतः काय करत होता तेही एकदा सांगा. सभागृहात कुजबुज झाली. जॉब्स बराच वेळ गप्प राहिले. मग या गृहस्थांचे म्हणणे काही बाबतींत बरोबर आहे, असे त्यांनी आधी मान्य केले. त्यानंतर शांतपणे मांडले की, सुरुवात ग्राहकाच्या अनुभवापासून करून मागे तंत्रज्ञानाकडे यावे लागते, आणि याच्या उलट वाटेने जाण्याची चूक या सभागृहातील कोणाहीपेक्षा बहुधा मीच अधिक वेळा केली आहे. उत्तराच्या शेवटी, ॲपलमध्ये त्या वेळी राबत असलेल्या अभियंत्यांना पाठिंबा द्या, एवढी विनंतीही त्यांनी केली. अपमानाला अपमानाने उत्तर देण्याची पुरेपूर संधी त्या क्षणी होती; ती त्यांनी घेतली नाही.

उमेदीच्या काळात मीही अशा एका साहेबांच्या हाताखाली काही वर्षे काढली आहेत. आम्ही सगळे एक गोष्ट पहिल्याच महिन्यात शिकलो: वाईट बातमी सोमवारी सांगायची नाही. सोमवारी साहेबांचा पारा चढलेला असे, म्हणून पुरवठादाराने हात वर केल्याची, चाचणी फसल्याची बातमी आम्ही बुधवारपर्यंत खिशात ठेवत असू. त्या दोन दिवसांत जे नुकसान होई, त्याचा हिशेब कोणत्याही अहवालात आला नाही. तुमच्या साहेबांशी चारचौघांत वाद घालू नका, बैठकीनंतर एकांतात जाऊन एवढेच विचारा, “यातले नेमके काय बदलायचे?” ज्याला उत्तर देता येते तो दर्जाचा आग्रह धरणारा. ज्याला देता येत नाही, तो नुसताच रागावलेला आहे, आणि हा फरक दोन-तीन वेळा विचारल्यावर त्याच्याही ध्यानात येऊ लागतो.

प्रश्न : माझ्या विभागाकडे एकाच वेळी अकरा प्रकल्प आहेत. प्रत्येकामागे कोणी ना कोणी वरिष्ठ उभा आहे, त्यामुळे एकही बंद करता येत नाही. जॉब्स यांनी धडाधड उत्पादने बंद केली असे वाचतो, पण ते कंपनीचे प्रमुख होते. मधल्या फळीतल्या माणसाने काय करावे?

उत्तर : या महिन्याच्या टपालातील हा मला सर्वांत मोलाचा वाटलेला प्रश्न आहे, म्हणून उत्तर लांबणार.

आधी घडले ते पाहू. १९९७ च्या सप्टेंबरमध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात ॲपलला १०० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला होता. कंपनी संगणकांची इतकी वेगवेगळी मॉडेले विकत होती, आणि त्यांना असे चार-चार आकडी क्रमांक दिलेले होते, की कोणते मॉडेल कोणासाठी आहे हे विकणाऱ्यांनाही धड सांगता येत नसे. मित्राने विचारले तर यातले कोणते घ्यायला सांगू, असा साधा प्रश्न जॉब्स यांनी विचारला आणि त्याचे सरळ उत्तर मिळाले नाही. एका बैठकीत त्यांनी फळ्यावर एक उभी आणि एक आडवी रेघ मारून चार चौकोन केले. वर एका बाजूला घरगुती ग्राहक, दुसऱ्या बाजूला व्यावसायिक. बाजूला वर टेबलावरचा संगणक, खाली सोबत नेण्याचा. प्रत्येक चौकोनात एकच उत्तम यंत्र, बाकी सर्व बंद. प्रिंटर गेले, आणि १९९८ च्या फेब्रुवारीत न्यूटन हा हातात धरायचा संगणकही गेला.

ही गोष्ट येथपर्यंत सगळेच सांगतात. मला तिच्यातला पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या चार चौकोनांपैकी व्यावसायिकांचे दोन चौकोन १९९७ च्या अखेरीपर्यंत भरले. घरगुती ग्राहकासाठीचा टेबलावरचा संगणक, आयमॅक, १९९८ च्या ऑगस्टमध्ये विक्रीला आला. चौथा चौकोन, म्हणजे घरगुती ग्राहकाचा सोबत नेण्याचा संगणक, १९९९ च्या जुलैपर्यंत रिकामा होता. जवळजवळ दोन वर्षे! आपल्यापैकी कोणत्याही व्यवस्थापकाला विचारून पाहा, रिकामी जागा डोळ्यांसमोर असताना तिच्यात हाताशी असलेले काहीतरी कोंबण्याचा मोह आवरणे किती अवघड असते. विक्री विभाग रोज विचारतो, प्रतिस्पर्ध्याकडे ते आहे, आपल्याकडे का नाही? त्या काळात ॲपलची स्थिती इतकी नाजूक होती की १९९७ च्या ऑगस्टमध्ये प्रतिस्पर्धी मायक्रोसॉफ्टकडून १५ कोटी डॉलरची गुंतवणूक घ्यावी लागली होती, आणि ती मंचावरून जाहीर करताना स्वतःच्या चाहत्यांनी काढलेली हुर्योही ऐकावी लागली होती. अशा कडकीत एक चौकोन मोकळा ठेवणे हे, माझ्या मते, उत्पादने बंद करण्यापेक्षाही कठीण होते.

१९९८ च्या आर्थिक वर्षाअखेर ३० कोटी ९० लाख डॉलर नफा झाला. तो सगळा त्या चार चौकोनांचा चमत्कार होता असे मी म्हणणार नाही. हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, आणि त्यातील मोठी कपात जॉब्स यांनी सूत्रे हाती घेण्याआधीच, मार्च १९९७ मध्ये, आधीच्या प्रमुखांनी जाहीर केली होती. ‘नाही’ म्हणण्याची किंमत कोणीतरी मोजत असते आणि ती बहुधा ‘नाही’ म्हणणारा मोजत नाही. प्रकल्प बंद करताना त्यावरच्या माणसांची पुढची सोय आधी ठरवा, एवढी तरी काळजी आपल्या पातळीवर घेता येते.

आता तुमच्या अकरा प्रकल्पांकडे येऊ. प्रमुखाजवळ असलेला अधिकार तुमच्याजवळ नाही, हे खरे; पण फळा आणि खडू तुमच्याजवळही आहे. एका कागदावर प्रकल्पांची यादी करून उपयोग नाही, कारण यादी कितीही लांब होऊ शकते. चौकट आखा, कारण चौकटीत जागा मोजक्याच असतात. दोन प्रश्न निवडा, उदाहरणार्थ हे काम कोणासाठी आहे आणि ते कधीपर्यंत उपयोगी पडायचे आहे, आणि त्यांच्या रेघा आखून अकराही प्रकल्प त्यांत मांडा. एका घरात चार प्रकल्प दाटीने बसलेले आणि दुसऱ्यात एकही नाही, असे चित्र बहुतेक वेळा दिसते. ते चित्र वरिष्ठांपुढे ठेवताना “हा प्रकल्प बंद करू का?” असे विचारू नका, त्याचे उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. “या घरातल्या चारांपैकी आधी कोणता पूर्ण करू?” असे विचारा. वरिष्ठाला बंद करण्याचा दोष घ्यायचा नसतो, क्रम लावायला मात्र त्याला आवडते, आणि चौथा क्रमांक मिळालेला प्रकल्प सहा महिन्यांत आपोआप थंड पडतो. ही थोडी चलाखी आहे, मान्य. पण अकरा प्रकल्प अर्धवट ठेवून बारावा हसतमुखाने स्वीकारणे अधिक अप्रामाणिक आहे.

आणखी एक. ॲपलमध्ये बैठकीच्या कार्यसूचीत प्रत्येक कामापुढे एकाच व्यक्तीचे नाव लिहिण्याचा प्रघात होता: थेट जबाबदार असलेली व्यक्ती. विभागाचे नाव नाही, समितीचेही नाही. तुमच्या अकरा प्रकल्पांपुढे अशी नावे लिहून पाहा. एकच नाव चार ठिकाणी आले तर अडचण प्रकल्पांच्या संख्येची नसून त्या एका माणसाच्या खांद्यांची आहे, हे कोणाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

प्रश्न : यंत्राच्या न दिसणाऱ्या भागांनाही सुबक करण्याचा जॉब्स यांचा आग्रह प्रसिद्ध आहे. मी माझ्या टीमकडून तशीच अपेक्षा ठेवतो, पण त्यामुळे मुदती हुकतात आणि लोक नाराज होतात. परिपूर्णतेचा आग्रह सोडावा काय?

उत्तर : पंख्याची गोष्ट सांगतो. संगणकातील पंख्याची घरघर जॉब्स यांना अजिबात खपत नसे. १९८० मध्ये आलेल्या ॲपल थ्री या संगणकात त्यांच्या आग्रहामुळे पंखा बसवला नाही. यंत्र तापे, आतल्या चिप आपापल्या खोबणीतून सैल होत. त्यावर कंपनीने ग्राहकांना सुचवलेला उपाय ऐकून हसावे की रडावे कळत नाही: यंत्र टेबलावरून थोडे वर उचला आणि सोडून द्या, म्हणजे चिप पुन्हा जागेवर बसतील. सुरुवातीची सुमारे १४ हजार यंत्रे बदलून द्यावी लागली. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशलाही पंखा नव्हता आणि तोही तापत असे. १९९९ च्या शरद ऋतूत आलेल्या आयमॅकलाही पंखा नव्हता, आणि या वेळी मात्र गरम हवा आपोआप वर निघून जाईल अशी रचना अभियंत्यांना साधली होती. ते यंत्र उत्तम चालले. लगेच २००० मध्ये पंखा नसलेला, पारदर्शक आवरणातला घनाकृती संगणक आला. दिसायला अप्रतिम, किमतीला जड, आणि खप बेताचा. वर्षभरातच त्याचे उत्पादन थांबवले गेले.

चार प्रयत्न, एकच हट्ट, आणि चार वेगवेगळी फळे. हट्ट बरोबर की चूक याचा निकाल हट्टाच्या तीव्रतेवरून लागत नाही. १९८० साली पेटीचा आकार आधी ठरला आणि त्यात विद्युत्फलक कसाबसा कोंबावा लागला. १९९९ साली हवा कशी वाहील याचा विचार रचनेतच होता. तुमच्या टीमच्या मुदती हुकतात त्या आग्रहामुळे की आग्रह उशिरा सांगितल्यामुळे, हे आधी पाहा. काम संपत आल्यावर “हे अजून सुबक हवे” म्हणणाऱ्या साहेबाला परिपूर्णतावादी म्हणणे मला जड जाते. त्याने सुरुवातीला लक्ष दिले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

आणि त्या घनाकृती संगणकाबाबतचे २००१ चे शहाणपणही ध्यानात असू द्या. आवडते अपत्य बाजारात चालत नाही असे दिसल्यावर वर्षभरात ते बाजूला ठेवले गेले.

प्रश्न : जॉब्स यांच्यासारखी सादरीकरणे करायला शिकण्यासाठी कोणता अभ्यासक्रम करावा?

उत्तर : अभ्यासक्रम नको, तालीम करा. जॉब्स मंचावर सहज बोलत आहेत असे वाटे, कारण त्याआधी ते कित्येक दिवस तालमी करत. गंमत म्हणजे कंपनीतल्या अंतर्गत बैठकांत स्लाइड दाखवणाऱ्यांचा त्यांना कंटाळा होता. ज्याला विषय कळला आहे त्याने समोरासमोर बोलावे, असे त्यांचे मत होते. ग्राहकांसमोर नाट्य आणि सहकाऱ्यांसमोर साधी चर्चा. आपल्याकडील कार्यालयांत बरोबर याच्या उलटे चालते.

प्रश्न : ‘आपल्याला काय हवे हे ग्राहकाला माहीत नसते’ असे जॉब्स म्हणत. आमचे संचालक हेच वाक्य ऐकवून आमच्या प्रत्येक पाहणीचे निष्कर्ष बाजूला सारतात. एकदा घेतलेला निर्णय ते बदलत नाहीत, कारण त्यांच्या मते जॉब्सही बदलत नसत. हे खरे आहे काय?

उत्तर : पहिल्या वाक्यात तथ्य आहे, दुसरे साफ खोटे आहे.

नवी वस्तू कशी असावी हे ग्राहकाला आधी विचारून कळत नाही, असे जॉब्स मानत. पण वस्तू बाजारात गेल्यावर ग्राहक काय करतो याकडे त्यांचे बारीक लक्ष असे. आणि मत बदलण्याच्या बाबतीत तर त्यांची उदाहरणे मोजून दाखवता येतील. आयपॉड या गाणी ऐकण्याच्या खिशातल्या यंत्राचे सॉफ्टवेअर विंडोजवर चालणाऱ्या संगणकांना देण्यास त्यांचा बराच काळ विरोध होता. सहकाऱ्यांनी तो नेटाने मोडून काढला आणि २००३ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोजसाठीचे आयट्यून्स आले. ते न येते तर आयपॉड मुख्यतः मॅकिंटॉश वापरणाऱ्या थोड्या लोकांपुरताच राहिला असता. आयफोन २००७ च्या जूनमध्ये विक्रीला आला तेव्हा बाहेरच्यांना त्यावर थेट चालणारी ॲप बनवू देण्यास ते तयार नव्हते. वेबवरून चालणारी ॲप पुरेत, असे त्यांचे म्हणणे होते. कंपनीतून आणि संचालक मंडळातूनही आग्रह झाला, ऑक्टोबरमध्ये त्यांनी भूमिका बदलल्याचे जाहीर केले आणि २००८ च्या जुलैत ५०० ॲपनिशी ॲप स्टोअर उघडले. आज ज्याला त्यांची दूरदृष्टी म्हणतात, त्यातला एक मोठा भाग त्यांनी आधी नाकारलेला होता!

या दोन्ही प्रसंगांत विरोध करणारी माणसे टिकून राहिली, हे मला निर्णयाइतकेच महत्त्वाचे वाटते. पुन्हा पुन्हा त्याच विषयावर येणाऱ्या सहकाऱ्याला कंपनीबाहेरचा रस्ता दाखवला गेला असता तर तिसऱ्यांदा कोणी तोंड उघडले नसते. तुमच्या संचालकांकडे असे एखादे माणूस आहे काय, की ज्याने गेल्या वर्षभरात त्यांना दोनदा ‘नाही’ म्हटले आणि जो अजून नोकरीत आहे?

चूक सुधारण्याचा एक नमुनाही पाहण्यासारखा आहे. ५ सप्टेंबर २००७ रोजी ८ गिगाबाइटच्या आयफोनची किंमत ५९९ डॉलरवरून एकदम ३९९ डॉलर करण्यात आली. जून-जुलैत रांगा लावून फोन घेतलेले ग्राहक संतापले. ज्यांनी सर्वाधिक विश्वास टाकला त्यांनाच २०० डॉलरचा फटका बसला होता. दुसऱ्याच दिवशी जॉब्स यांच्या सहीचे खुले पत्र प्रसिद्ध झाले. किंमत कमी करण्याचा निर्णय योग्यच होता, असे त्यांनी त्यात ठामपणे लिहिले. पण सुरुवातीच्या ग्राहकांच्या बाबतीत आम्ही कमी पडलो, असे म्हणून त्यांची क्षमा मागितली आणि प्रत्येकी १०० डॉलरची खरेदी-सवलत दिली. निर्णय आणि त्याचा ओरखडा या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या, हे या पत्रातले कौशल्य. आपल्याकडे एक तर निर्णयासह सगळेच मागे घेतले जाते किंवा काही घडलेच नाही असे दाखवले जाते.

प्रत्येक वेळी त्यांना हे इतके चांगले जमले असे मात्र नाही. २०१० मध्ये आयफोन ४ विशिष्ट प्रकारे हातात धरल्यास संदेशवहन क्षीण होते, अशा तक्रारी आल्या तेव्हा पहिली प्रतिक्रिया ‘फोन तसा धरू नका’ अशी होती. फोन विक्रीला आल्यावर तीन आठवड्यांनी, १६ जुलैला, पत्रकार परिषद घेऊन प्रत्येकाला मोफत आवरण द्यावे लागले. पहिल्या दिवशी हेच केले असते तर निम्मी बदनामी टळली असती.

प्रश्न : जॉब्स यांच्याकडून काय शिकू नये, हे कोणी सांगत नाही. आपण सांगाल काय?

उत्तर : एकच सांगतो, कारण ते व्यवस्थापकांच्या थेट कामाचे आहे. एकमेकांच्या कर्मचाऱ्यांना आपणहून नोकरीची विचारणा करायची नाही, असा समझोता सिलिकॉन व्हॅलीतील बड्या कंपन्यांमध्ये झाला होता. त्यात ॲपल आणि जॉब्स यांनी घेतलेली ॲनिमेशनपट बनवणारी पिक्सार या कंपन्या होत्या आणि जॉब्स यांचा त्यात स्वतःचा हात होता. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१० मध्ये गूगल, इंटेल, ॲडोबी, इंट्यूइट यांच्यासह या कंपन्यांना तो बंद करायला लावला. पुढे कर्मचाऱ्यांनी केलेल्या दाव्यात ॲपल, गूगल, इंटेल आणि ॲडोबी यांनी ४१ कोटी ५० लाख डॉलर देण्याच्या तडजोडीला न्यायालयाने २०१५ मध्ये मान्यता दिली. उत्तम माणसे हवीत म्हणायचे आणि त्यांना बाहेर किती मोल आहे हे कळू द्यायचे नाही, असा तो व्यवहार होता. छोट्या प्रमाणावर हे आपणही करतो: चांगल्या माणसाची बदली रोखतो, त्याच्या बढतीची शिफारस ‘पुढच्या वर्षी’ म्हणून ठेवून देतो, कारण तो गेला तर आपली अडचण होईल.

प्रश्न : मी वीस वर्षे साठा आणि पुरवठा सांभाळतो आहे. मला कोणतीही दूरदृष्टी नाही, मंचावर बोलता येत नाही, नवे काही सुचतही नाही. या दूरदर्शी माणसांच्या गोष्टी माझ्यासारख्याच्या काय उपयोगाच्या?

उत्तर : तुम्ही चुकीच्या पात्राकडे पाहत आहात. १९९८ च्या मार्चमध्ये जॉब्स यांनी कॉम्पॅक या संगणक कंपनीतून एका माणसाला आणले. त्याच्या नावावर कोणतेही उत्पादन नव्हते, तो सावकाश आणि कमी बोले, आणि त्याचे सारे आयुष्य तुमच्याच खात्यात गेले होते. १९९७ च्या आर्थिक वर्षाअखेर ॲपलच्या गोदामांत ४३ कोटी ७० लाख डॉलरचा माल पडून होता. वर्षभराने तो आकडा ७ कोटी ८० लाखांवर आला. हे सगळे श्रेय त्या एकट्याचे नाही, कारण तो वर्षाच्या मध्यावर आला आणि मॉडेलांची संख्या आधीच घटली होती; पण पुरवठादार कमी करणे, गोदामे बंद करणे, सुटे भाग कारखान्याजवळच ठेवायला लावणे ही कामे त्याने चिकाटीने केली. संगणक महिनाभर गोदामात पडून राहिला तर त्याची किंमत कोणी न चोरताही कमी होत जाते, हे तुमच्यासारख्याला समजावून सांगायला नको. चार चौकोनांची योजना कागदावर कितीही सुंदर असली, तरी न खपलेल्या मालाखाली कंपनी दबलेली असती तर चौथ्या चौकोनाची दोन वर्षे वाट पाहायला पैसा उरला नसता.

तो माणूस म्हणजे टिम कुक. २००४ मध्ये जॉब्स यांच्यावर शस्त्रक्रिया झाली तेव्हा, नंतर २००९ मध्ये सहा महिने, आणि पुन्हा २०११ च्या जानेवारीपासून कंपनीचा रोजचा कारभार त्यांनीच पाहिला. २४ ऑगस्ट २०११ रोजी जॉब्स यांनी पद सोडले तेव्हा त्यांच्या जागी कुक यांचीच निवड झाली. स्वतःसारखा दुसरा शोधण्याच्या फंदात जॉब्स पडले नाहीत, आणि ‘मी असतो तर काय केले असते’ असा विचार करत बसू नका, असेही त्यांनी कुक यांना बजावले होते.

आपल्याला जे येत नाही ते दुसऱ्याच्या हाती सोपवणे त्यांना पिक्सारमध्येही जमले होते. ती कंपनी त्यांनी १९८६ मध्ये घेतली, वर्षानुवर्षे तोटा सोसत स्वतःचे सुमारे ५ कोटी डॉलर तिच्यात घातले. पण कथा घडवणाऱ्यांच्या बैठकांपासून ते दूर राहत. १९९५ मध्ये तिचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट आला आणि २००६ मध्ये डिस्नेने ७४० कोटी डॉलर मोजून ती घेतली.

तेव्हा तुमचा प्रश्न मी थोडा बदलून घेतो. तुमच्या कंपनीत कल्पना सुचणारे, बोलके, घाईचे असे कोणी असेलच. त्याच्या नव्या योजनेची पहिली बैठक होईल तेव्हा त्याच्या शेजारची खुर्ची धरा, आणि आज गोदामात कोणता माल किती दिवसांपासून पडून आहे याचा एक पानी तक्ता सोबत न्या. तो त्याच्या हातात बैठकीनंतर देऊ नका, सुरू होण्यापूर्वी द्या.